डावी कड

हॅल्व्हर एन्गस्टॅड आला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात.
दुकानामागे अजून मळका बर्फ होता.
गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा म्हणाला,
"मागचा टायर. जो जास्त टिकेल तो."
एवढंच.
नॉर्थ डकोटात माणसं बोलणंही
टाकीतल्या शेवटच्या पेट्रोलसारखं वापरतात.

मी चाकाशी उकिडवी बसले.
मधोमध घासून पाटा झालेला.
हे इथलं नेहमीचंच दुखणं:
हायवे दोन, साठ मैल, एक वळण नाही,
सूर्यफुलं, मग गहू, मग परत सूर्यफुलं,
आणि टायर एकाच पट्टीवर झिजत राहतो.
कडा मात्र कोऱ्या. कारखान्यातली रबराची लव
जावळ न काढलेल्या पोरासारखी तशीच.

उजवी कड तशी होती.
डावीचं जावळ गेलेलं.

मी काही बोलले नाही. दोन टायर काढून ठेवले.
"हा कडक. पंधरा हजार मैल कुठे गेला नाही,
पण गार सकाळी लाकूड होतो.
हा मऊ. रस्ता धरतो, आणि सात हजारांत संपतो."
त्यानं बोटांवर हिशेब मांडला,
वर्षाला तीन हजार, म्हणजे पाच वर्षं, म्हणजे त्र्याऐंशी,
आणि हात खिशात घातले.

"टायर झिजून मरतो," मी म्हणाले,
"नाहीतर पडून. हे बघा, चार आकडे.
तेविसावा आठवडा, सोळा साल. हा तसाही म्हातारा झाला होता."
त्यानं आकड्यांवरून अंगठा फिरवला.
"त्या उन्हाळ्यात आयडाहोला गेलो होतो. मुलीकडे."
मग बऱ्याच वेळानं, "डोंगर होते तिथं."

कार्ड भरताना विचारावंच लागतं:
भार किती? एकटे की दोघं?

कॉम्प्रेसर सुरू झाला. बंद झाला.
"दोघं," तो म्हणाला.

मला ठाऊक होतं. मारिसोल
तेल बदलायला येते, तिकडे नर्स आहे, तिनं सांगितलेलं:
दर रविवारी तीन वाजता येतो,
आधी आत जात नाही.
दारासमोरच्या झेंड्याच्या खांबाला घिरट्या घालतो,
डावीकडे कलून, पाच, सहा,
एकदा तर मारिसोलनं चौदा मोजल्या,
खिडकीतल्या आर्डिसचा हात वर होईपर्यंत.
नाव आता सापडत नाही तिला त्याचं.
इंजिन ओळखते.

"तिसरा एक आहे," मी म्हणाले.
"मध्ये कडक, कडांना मऊ. ऐंशी डॉलर जास्त."
"कडांचं मला काय काम?
सरळ रस्त्याचा माणूस मी."
मी जुन्या टायरच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं.

तो फरशीतल्या जाळीकडे बघत राहिला,
जिथून सांडलेलं सगळं खाली जातं.
मग म्हणाला, "बसव."

रिमवर चढताना टायर दोनदा वाजला,
फट, आणि जरा थांबून, फट.
कार्डावर मी लिहिलं: दोघं, हवा चाळीस.
भरली छत्तीस, एकट्याला पुरेशी.
हिशेबात चार कमी. ते खोटं माझ्या नावावर.

बिल देताना त्यानं सुटे तीनदा मोजले.
मी नेहमीचं सांगितलं: नवा टायर निसरडा असतो,
पहिले शंभर मैल जपून, फार कलू नका.
"रविवारपर्यंत होतील शंभर?"
"होतील. पण झेंड्याभोवती हळूच घ्या."

बोलून गेले आणि जीभ चावली.

हॅल्व्हरनं हेल्मेटची काच खाली घेतली.
गाडी सुरू केली, बंद केली,
काच वर केली.
"तिला तो मोठा आवाज लागतो," तो म्हणाला.
"हळू गेलं तर ऐकू येत नाही."

मग निघाला, नाकासमोर, हायवे दोनला.
मी दारात उभी राहिले, हातात
त्याची जुनी व्हॉल्व्हची टोपी,
द्यायची राहिलेली.